तिसऱ्या खुर्चीस, सा. न. वि. वि.

श्रीमती तिसरी खुर्ची यांसी,
मुक्काम : बिछायत केंद्राचं गोडाऊन, जालना.

सा. न. वि. वि. आपली प्रकृती उत्तम असावी. परवा एका लग्नात आपल्याला पांढरं कव्हर घालून, पाठीला लाल फीत बांधून उभं केलेलं लांबून पाहिलं. नवरीकडच्या मामांनी आपल्यावर बसून दोनदा जिलबी मागवली, त्यामुळे बोलायला जमलं नाही. इकडील वर्तमान ठीक. नळाची वाट पाहणं चालू आहे. आपल्या नगरपालिकेची २०२३ मध्ये महानगरपालिका झाली, हे गोडाऊनपर्यंत पोहोचलं असेलच. तिची पहिली निवडणूकही जानेवारी २०२६ मध्ये पार पडली. बहुतेक प्रभागांत चार-चार बटणं दाबायची होती. रॅल्या निघाल्या, रिक्षांवर भोंगे लागले, घरोघर पत्रकं आली. पण एका प्रभागातले सगळे उमेदवार एका मंचावर बसलेत आणि लोक त्यांना प्रश्न विचारताहेत, असं दृश्य माझ्या तरी पाहण्यात आलं नाही. त्या वेळी आपली फार आठवण झाली, म्हणून हे पत्र.

आता 'आपण' पुरे. निम्मी हयात तुला मांडण्यात आणि उचलण्यात गेली, तेव्हा तू म्हणते.

तुला ठाऊक आहे, मी सूत्रसंचालन करणारी बाई. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होते तेव्हापासून, गावात कुठे नारळ फुटला की माईक माझ्या हातात. लोकांना वाटतं सूत्रसंचालन म्हणजे चारोळ्या आणि टाळ्या. खरं काम त्याच्या आधीचं. मधला सोफा कोणाला, त्याच्या उजव्या हाताला कोण, डाव्या हाताला कोण, आणि सोफा संपून प्लास्टिक कुठून सुरू करायचं. यात उन्नीस-बीस झालं की माणसं वर्षानुवर्षं अबोला धरतात. दोन मोठ्यांच्या जागा ठरायला दोन मिनिटं लागत नाहीत. भांडण सुरू होतं ते तुझ्यापासून. तिसरं कोण?

आणि तुझा स्वभाव हा असा, जो बसेल त्याची तू! सरपंचबाईंच्या नावाची पाटी समोर असताना त्यांचे यजमान येऊन तुझ्यावर बसले, तू साधी करकरली नाहीस. मंडपाचे पैसे देणारा बसला, त्याचा मेहुणा बसला. तालुकाध्यक्षांचा मोबाईल सांभाळणारा पोरगासुद्धा पाय पसरून बसलेला मी पाहिला आहे. नाही म्हणायला तुझे उपकारही आहेत. साहेब तीन-तीन तास उशिरा यायचे आणि मी माईकवर 'थोड्याच वेळात आगमन होत आहे' म्हणत राहायचे, तेव्हा पाठ टेकायला तूच होतीस. पण ज्या एका दिवशी खरोखर तिसऱ्या माणसाला जागा हवी असते, त्या दिवशी तू गोडाऊनमध्ये ढिगात, वरून चौथी. हे बरं नव्हे.

२०२४ चा उन्हाळा आठव. जालना लोकसभेला माघारीची मुदत संपली आणि २६ नावं उरली. आदल्या वर्षी जिल्ह्यातले पाच तालुके दुष्काळी जाहीर झालेले, मोसंबीच्या बागा टँकरवर जगवणं चाललेलं. विचारायला प्रश्नांची काय कमी? आमच्या कॉलनीतल्या ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळाने टूम काढली की उमेदवारांना एका मंचावर बोलवायचं. हार नाही, फटाके नाहीत, नुसते प्रश्न आणि उत्तरं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग कोणीतरी २६ नावांची यादी मोठ्याने वाचली, आणि 'बोलवायचं कोणाला' यावर बैठक जी अडली ती अडलीच.

बँकेतून निवृत्त झालेले काका म्हणाले, "दोघं पुरेत. रावसाहेब दानवे आणि कल्याण काळे. २००९ लाही यांच्यातच लागली होती, ८,४८२ मतांनी निकाल लागला." दुसरे म्हणाले, वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला बोलावलं नाही तर आमच्या वस्तीतलं कोणी येणार नाही. तिसऱ्याने हळूच विचारलं, "आणि मंगेश साबळे?" तेव्हा हशा पिकला. फुलंब्री तालुक्यातल्या गेवराई पायगाचा हा तरुण सरपंच. विहिरींच्या मंजुरीसाठी पैसे मागतात असा आरोप करत त्याने २०२३ मध्ये फुलंब्रीच्या पंचायत समितीसमोर दोन लाखांच्या नोटा उधळल्या होत्या, तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेला. काका म्हणाले, "तो नोटा उधळेल आणि आपण वेचत बसू." कोपऱ्यात भोकरदनकडच्या एक आजी नातवाला घेऊन बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "काहून बलावत नाही? त्याचंच तं ऐकाया येईन मी. त्या दोघायचं पाठ झालंय मला." आजींच्या सूचनेला अनुमोदक मिळाला नाही. त्या कार्यकारिणीवर नव्हत्या.

चहा झाला आणि बैठक उठली. सभा काही भरली नाही. १३ मेला मतदान झालं, ४ जूनला निकाल लागला. काळे ६,०७,८९७, दानवे ४,९७,९३९. १९९९ पासून लागोपाठ पाच वेळा निवडून आलेला माणूस जवळपास १ लाख १० हजारांनी पडला. आणि ज्याच्या नावाला आमची बैठक हसली होती, त्या अपक्ष साबळेंना मिळाली १ लाख ५५ हजारांहून जास्त मतं. जिंकणारा आणि हरणारा यांच्यात जेवढं अंतर, त्याहून तिसऱ्याची ओंजळ मोठी. तरी कायद्याच्या हिशेबाने त्यांची २५ हजारांची अनामत गेली, कारण ती वाचायला वैध मतांचा सहावा हिस्सा लागतो. ती मतं त्यांना पडली नसती तर कुठे गेली असती, हे छातीठोकपणे कोणी सांगू नये, मीही सांगत नाही. माझं दुःख वेगळं आहे. इतक्या लोकांनी ज्याच्यापुढचं बटण दाबलं, त्याला आमच्या कॉलनीने एक साधा प्रश्न विचारला नाही, आणि न विचारण्याचं कारण काय, तर तो निवडून येण्यासारखा नाही! हे ठरवलं कोणी? चहा पिणाऱ्या अकरा-बारा जणांनी, मतदानाच्या आधी.

२६ जणांना प्रत्येकी पाच मिनिटं दिली तर १३० मिनिटं होतात. आमच्याकडे कीर्तन याहून लांबतं आणि बुवांना कोणी घड्याळ दाखवत नाही.

पण तुझी वकिली करताना उलट बाजू दडवून ठेवणं बरोबर नाही. त्याच निवडणुकीत नाशिककडे दिंडोरीत काय झालं ते ऐक. शरद पवारांच्या पक्षाचे भास्कर भगरे, पेशाने शिक्षक, चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. त्यांच्यासमोर बाबू भगरे नावाचे एक अपक्ष, त्यांच्याही नावापुढे 'सर', आणि चिन्ह नुसती तुतारी. या दुसऱ्या सरांना लाखावर मतं पडली. आता सांग, तुझ्यावर त्यांना बसवायचं का? मतांच्या हिशेबाने बसवायला हवं. आणि शेजारच्या तेलंगणात, निजामाबादला, २०१९ मध्ये हळदीला भाव मिळेना म्हणून शेतकऱ्यांनी अर्जांवर अर्ज भरले. १८५ उमेदवार झाले, त्यातले १७८ शेतकरी. एकेका केंद्रावर मतदान यंत्राची बारा-बारा युनिटं मांडावी लागली. आपल्याकडेही २०२४ च्या मार्चमध्ये मराठा आंदोलनात तशीच चर्चा होती, गावागावातून उमेदवार उभे करायचे आणि यंत्राला घाम फोडायचा. यंत्राची मर्यादा 'नोटा' धरून ३८४. पुढे तो बेत रहित झाला, नाहीतर तुझ्या ३८३ बहिणी लागल्या असत्या आणि बिछायत केंद्रवाल्याने भाडं दुप्पट केलं असतं. तेव्हा सगळ्यांना बोलवा म्हणणं सोपं आहे, पण प्रत्येक वेळी ते होण्यासारखं नाही, हे मला कळतं.

सरकारने आपल्यापुरता तोडगा काढलेला आहे. मतदान यंत्रावर आधी मान्यताप्राप्त राष्ट्रीय आणि राज्य पक्षांचे उमेदवार, मग नोंदणी असूनही मान्यता नसलेल्या पक्षांचे, आणि शेवटी अपक्ष. अर्ज भरताना मान्यताप्राप्त पक्षाच्या माणसाला एक सूचक पुरतो, इतरांना दहा आणावे लागतात. आकाशवाणी आणि दूरदर्शनवर प्रचाराला फुकट वेळ मिळतो तोही मान्यताप्राप्त पक्षांनाच, आणि त्यातला वाढीव हिस्सा मागच्या निवडणुकीतल्या मतांच्या मापाने. निवडणूक आयोगाच्या त्याच योजनेत चर्चेचीही सोय आहे, आणि तिथेही पात्र पक्षाने एक प्रतिनिधी पाठवायचा. अपक्षाने घरी बसून ऐकायचं. म्हणजे मागच्या खेपेला कोण किती मोठा होता, यावरून या खेपेला कोणी बोलायचं ते ठरतं. जो मागच्या खेपेला नव्हताच, त्याने काय करावं?

तुला वाटत असेल ही आपली गावठी रड. तसं नाही, बाई. अमेरिकेत १९९२ मध्ये रॉस पेरो नावाचा अपक्ष दोन मोठ्यांच्या जोडीला अध्यक्षपदाच्या चर्चेत उभा राहिला आणि त्याने जवळपास १९ टक्के मतं घेतली. चार वर्षांनी तोच पेरो पुन्हा उभा राहिला, तेव्हा निवडून येण्याची शक्यता नाही म्हणून त्याला चर्चेतून वगळलं. २००० पासून तर जनमत चाचण्यांत १५ टक्के पाहिजेत अशी अटच आली. ही चर्चा भरवणारा आयोग १९८७ मध्ये स्थापन केला कोणी, तर त्याच दोन मोठ्या पक्षांच्या अध्यक्षांनी मिळून. मधल्या सोफ्यावरच्या दोघांनी ठरवायचं, तिसरी खुर्ची मांडायची की नाही! आमच्या कॉलनीत निदान काका कोणत्या पक्षाचे पदाधिकारी तरी नव्हते.

तिथल्याच अर्कान्सा राज्यात राल्फ फोर्ब्स नावाच्या उमेदवाराला सरकारी टीव्हीने १९९२ च्या चर्चेत घेतलं नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९८ मध्ये सहा विरुद्ध तीन असा निकाल लागला की, एखाद्याचे विचार आवडत नाहीत म्हणून त्याला वगळू नये, पण पाठिंबाच नाही म्हणून वगळलं तर चालेल. हा फोर्ब्स पूर्वी अमेरिकेतल्या नाझी पक्षात होता, तेव्हा त्याच्यासाठी माझ्या डोळ्यांत पाणी येण्याचं कारण नाही. पण त्याला पाठिंबा नाही हे ठरवलं वाहिनीच्या माणसांनी, आपल्या अंदाजाने. नियम आधी लिहून लावलेला नव्हता. नेमकी हीच गोष्ट मला खटकते, मग समोर माणूस कसाही असो.

मोठे मात्र कधी बोलावूनही येत नाहीत, तो प्रकार निराळाच. २०१९ च्या नोव्हेंबरात ब्रिटनमध्ये चॅनेल फोरने हवामानबदलावर पक्षनेत्यांची चर्चा ठेवली. पंतप्रधान बोरिस जॉन्सन आले नाहीत, म्हणून त्यांच्या जागी बर्फात कोरलेली पृथ्वी ठेवली आणि ती कार्यक्रमभर ठिबकत राहिली. आपल्याकडे मे महिन्यात तसं केलं तर स्वागतगीत संपायच्या आत सगळं पाणी होईल, आणि पाणी दिसलं की गल्ली हंडे घेऊन मंचावर येईल. इथे २०२४ ला, आमच्या मतदानाच्या चारच दिवस आधी, ९ मेला, निवृत्त न्यायमूर्ती मदन लोकूर, अजित शहा आणि पत्रकार एन. राम यांनी नरेंद्र मोदी आणि राहुल गांधी यांना जाहीर चर्चेचं निमंत्रण धाडलं. गांधींनी होकार कळवला, भाजपच्या युवा मोर्चाने आपल्या एका उपाध्यक्षाचं नाव पुढे केलं, आणि चर्चा राहिली ती राहिलीच. भल्या माणसांचं, भल्या हेतूचं पत्र. पण त्यातही खुर्च्या दोनच होत्या, हे तुझ्या लक्षात आलं का?

आणखी एक अडचण खास आपल्या जिल्ह्याची. परतूर आणि घनसावंगीचे मतदार जिल्ह्याने जालन्याचे, लोकसभेला परभणीचे. आमच्याआधी, २६ एप्रिललाच, त्यांचं मतदान उरकलं होतं, आणि तिथे ३४ उमेदवार. मराठा आंदोलनातल्या ज्या अंतरवाली सराटीच्या उपोषणाने आख्ख्या मराठवाड्याची निवडणूक तापली, त्या गावाचं मतही परभणीच्या खात्यात. उलट सिल्लोड, फुलंब्री आणि पैठणचे लोक आमच्याबरोबर जालन्याचा खासदार निवडतात. सभा जालन्यात घेतली तर अर्ध्या मतदारांना एसटी बदलून यावं लागेल. परभणीत तिसऱ्या क्रमांकावर होते वंचितचे पंजाब डख, हवामानाचा अंदाज सांगणारे. त्यांना बोलावून तुझ्यावर बसवलं असतं, तर परतूरच्या लोकांनी खासदारकीचं सोडून मृग कधी बरसणार एवढंच विचारत रात्र काढली असती. तेही चाललं असतं. उमेदवाराला लोक काय विचारतात यावरून त्याच्याविषयी बरंच कळतं.

तर आता विनंती. पुढची निवडणूक कोणतीही असो, मी आमच्या मंडळापुढे एक कागद ठेवणार आहे आणि त्यावर तुझी संमती हवी. अर्ज मागे घ्यायची मुदत संपायच्या आत, म्हणजे कोण उरणार हे कोणालाच ठाऊक नसताना, नियम फलकावर लावायचा. नियम एवढाच : गावाचे तीन प्रश्न सगळ्या उमेदवारांना एकाच दिवशी द्यायचे. नळाला पाणी किती दिवसांनी येईल आणि ते कुठून आणणार; मोसंबीची बाग वाळली तर शेतकऱ्याला काय मिळेल आणि कधी; निवडून आल्यावर आम्ही तुम्हाला कुठे आणि कोणत्या वारी भेटायचं. पाच दिवसांत स्वतःची उत्तरं आणून द्यायची. लिहिता येत नसेल तर आमच्यासमोर बोलून दाखवावीत, आम्ही उतरवून घेऊ, खाली अंगठा चालेल. ज्याने उत्तरं दिली त्याला खुर्ची, मग तो पाच वेळा खासदार झालेला असो की परवा सरपंच झालेला. पक्ष विचारायचा नाही, चाचणी विचारायची नाही, मागची मतं विचारायची नाहीत. नुसता नावासाठी उभा केलेला माणूस पाण्याचा हिशेब लिहायला बसणार नाही, असा माझा मास्तरकीच्या अनुभवावरून अंदाज आहे. दुसऱ्याचा पेपर बघून लिहिणारा तिसऱ्या प्रश्नाला अडकतो. आणि इतकं करूनही कोणी लिहिलंच, तर त्याने ऐकवावं, आम्ही ऐकू. पंधरापेक्षा जास्त झाले तर दोन संध्याकाळी.

बोलण्याचा क्रम चिठ्ठ्या टाकून, चिठ्ठी उचलणार चौथीतली मुलगी. पाच मिनिटं झाली की घंटा, शाळेची पितळी. प्रतिनिधी चालणार नाही. यजमान तर नाहीतच. मंडपाचा खर्च गल्लीच्या वर्गणीतून, त्यामुळे वर्गणीदाराचा मेहुणा खाली सतरंजीवर. ज्याने उत्तरं दिली नाहीत त्याच्याही नावाची पाटी करायची, पण ती खुर्ची रिकामी ठेवायची आणि तिच्यावर कोणालाही, अगदी दमलेल्या सूत्रसंचालिकेलाही, बसू द्यायचं नाही. तेवढं तू सांभाळ. कोणी बसायला आलंच तर या वेळी तरी करकर.

सोफा आणायचा नाही, हेही बिछायत केंद्रवाल्याला मी सांगून ठेवलं आहे. तो म्हणाला, "मॅडम, सोफ्याशिवाय मोठे लोक येत नाहीत." मी म्हटलं, त्यांच्यासाठी पाटी करायला टाकली आहे.

कळावे, लोभ आहेच, तो वाढवायचा की नाही हे तुझ्या वागण्यावर.

तुझी,
एक सूत्रसंचालिका, जालना.

ता. क. : उत्तर गोडाऊनच्या पत्त्यावरून पाठवू नकोस. लग्नसराईत तिथे पत्रांचे कागद खुर्च्यांच्या पायांखाली घालतात. आणि तुझा डावा मागचा पाय वाकला आहे, तो आधी नीट करून घे. पाच मिनिटं तावातावाने बोलणारा माणूस त्यावर टिकणार नाही.